अब्बांचं पाऊणशतक आणि पालवा बंदरावरची एक रात्र

आमच्या खानदानात सहा जणांचा वाढदिवस 1 जूनला येतो. महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावात जा, पन्नास-साठच्या दशकात जन्मलेल्यांचे दाखले उघडा, निम्म्या लोकांची जन्मतारीख हीच सापडेल. शाळेत नाव घालायला पोर आणलं, बापाला तारीख ठाऊक नाही, गुरुजींनी जूनची पहिली तारीख टाकली आणि पोर वर्गात बसलं. आमच्या अब्बांच्या दाखल्यावर 1 जून 1950 आहे. तीच तारीख त्यांच्या जहाजाच्या कागदांवर, पासपोर्टवर आणि आधारकार्डावर गेली. तरीही अब्बा आयुष्यभर म्हणत आले, "ती तारीख गुरुजींची. माझी नाही."

त्यामुळे त्यांची 75 वर्षं पूर्ण झाली तेव्हा वाढदिवस करायचा म्हटल्यावर पहिला आक्षेप त्यांचाच आला. दुसरा आक्षेप अम्मीचा. केक, मेणबत्त्या, फुगे हे आपल्यात नाही. आम्ही भावंडांनीही केकाचा हट्ट धरला नाही. वाढदिवसाबद्दल आपल्या उलेमांमध्ये मतं वेगवेगळी आहेत आणि त्या वादात आम्हांला पडायचं नव्हतं. पण हुजूर सल्लल्लाहु अलैहि व सल्लम सोमवारी रोजा ठेवत आणि आपला जन्म त्या दिवशीचा असल्याचं कारणही सांगत, हे हदीसमध्ये आहे. जन्मल्याचा शुक्र अदा करायला जागा आहे, एवढं आम्हांला पुरेसं होतं.

तारखेचा प्रश्न मात्र मजेदार निघाला. आमची दादी सांगत असे की तुमचा बाप शब-ए-बरातच्या दुसऱ्या दिवशी झाला. आम्ही हिजरी आणि इंग्रजी कॅलेंडर समोरासमोर ठेवलं. 1950 साली, म्हणजे हिजरी 1369 मध्ये, 16 शाबान जूनच्या दोन-तीन तारखेला पडत होती. म्हणजे साल बरोबर धरलं तर गुरुजी फक्त एक-दोन दिवसांनी चुकले होते. हे ऐकून अब्बा बराच वेळ हसले. म्हणाले, "बिचाऱ्यांना सत्तर वर्षं उगाच नावं ठेवली."

चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान असतं. त्यामुळे इंग्रजी हिशेबाने 75 पूर्ण झालेले अब्बा यंदाच्या शाबानात हिजरी हिशेबाने 78 पूर्ण करणार होते. यंदा शब-ए-बरातचा दुसरा दिवस गुरुवारी आला. आम्ही तोच दिवस धरला आणि मुंबईत ताजमहाल पॅलेसमध्ये एका रात्रीसाठी दोन खोल्या घेतल्या.

ताजच का?

अब्बा चाळीस वर्षं जहाजावर होते. बाणकोट खाडीच्या दोन्ही काठांवरच्या आपल्या वस्त्यांमध्ये घरटी एक तरी माणूस बोटीवर, असा तो काळ होता. परदेशी कंपन्यांच्या बोटींवर डेकचं काम बरंचसं कोकणी मुसलमानांकडे असे. खलाशी म्हणून लागायचं, मग टंडेल, आणि नशीब असेल तर सारंग. अब्बा 1968 मध्ये खलाशी लागले आणि सारंग होऊन 2008 मध्ये उतरले. मुंबईत त्यांचा मुक्काम गावच्या जमातीच्या खोलीत. आठ-दहा जणांच्या ट्रंका भिंतीला लावलेल्या, रात्री पथाऱ्या शेजारी शेजारी. तिथून शिपिंग ऑफिसच्या फेऱ्या मारायच्या, नंबर लागला की दहा महिने, वर्षभर गायब.

जहाज मुंबई बंदराबाहेर नांगर टाकून धक्क्याची वाट बघत उभं असे. कधी एक रात्र, कधी आठवडा. त्या रात्री डेकवरून दिसणारी मुंबई म्हणजे ताजचे दिवे आणि त्यापुढे गेटवेची काळी आकृती. अब्बांनी आम्हांला लहानपणी मुंबईचं जे वर्णन केलं ते असं पाण्यावरून केलेलं होतं. शेजारचा उंच टॉवर 1973 मध्ये उभा राहिला. तो मजल्यामजल्याने वाढताना त्यांनी दोन सफरींच्या मधे पाहिला होता. हॉटेलच्या मागची तुलोच रोडची गल्लीही त्यांना पाठ. तिथे बडे मियाँच्या गाडीवर सीख कबाब खाऊन ही मंडळी रात्री चालत परतायची. म्हणजे इमारतीची पुढची बाजू समुद्रातून पाहिलेली आणि मागची बाजू गल्लीतून. मधलं काहीच पाहिलेलं नव्हतं.

पैशाचं काय?

खरा वाद इथे झाला. आमच्यापैकी एकजण कुवेतला, एक मुंब्र्याला, एक शाळेत. कुणीही श्रीमंत नाही. एका रात्रीच्या दोन खोल्यांना, वर 18 टक्के जीएसटी धरून, आमच्यातल्या एकाच्या महिन्याच्या पगाराइतका खर्च येणार होता. एका रात्रीला एवढे पैसे म्हणजे इसराफ नाही का?

सूरह बनी इस्राईल आपण सगळे वाचतो. आयत 23 आणि 24 मध्ये आईबापांशी कसं वागावं ते आहे, त्यांच्यापुढे उफ् सुद्धा करू नये हे आहे. दोनच आयतींनंतर, 26 आणि 27 मध्ये, नातेवाईक, गरीब आणि मुसाफिर यांचा हक्क द्या आणि उधळपट्टी करू नका, हे आहे. आणखी दोन आयती पुढे गेलं की हात अगदी आखडू नका आणि अगदी मोकळाही सोडू नका, असा मधला रस्ता सांगितला आहे. आम्हांला दोन्ही बाजूंनी बोलायला एकच सूरह मिळाली. कुवेतवाला भाऊ 24 वर थांबला, मुंब्र्याची बहीण 27 वर.

निकाल अब्बांनीच दिला. धाकट्या फुफीच्या घराचे पत्रे गेल्या वादळी पावसापासून गळत होते. "आधी तिचं छप्पर," ते म्हणाले, "मग मला कुठंही न्या." आम्ही तीन गोष्टी ठरवल्या. पत्रे आधी बसवायचे. हॉटेलसाठी कर्ज किंवा हप्ता करायचा नाही. आणि या खर्चाची गावात चर्चा करायची नाही. जानेवारीत फुफीचं घर कोरडं झालं आणि मग आम्ही खोल्या ठरवल्या. त्यानंतर बहिणीनेही कुरकुर केली नाही. उलट अम्मीसाठी नवी ओढणी तीच घेऊन आली.

पुढच्या दाराने

ज्या किनाऱ्यावर हे हॉटेल आहे त्याचं जुनं नाव पालवा बंदर. पालव म्हणजे शिडाची होडी, त्यावरून पालवा आणि इंग्रजांच्या तोंडी त्याचं अपोलो झालं, असं सांगतात. हॉटेल 16 डिसेंबर 1903 रोजी सुरू झालं. ते बांधणारे जमशेटजी टाटा त्यानंतर पाचच महिन्यांनी, मे 1904 मध्ये वारले. काळा घोड्याजवळच्या वॉटसन हॉटेलात त्यांना हिंदी म्हणून प्रवेश नाकारला आणि त्या अपमानातून ताज उभं राहिलं, ही गोष्ट सगळे सांगतात. तिला कागदोपत्री आधार मात्र नाही. आराखडा सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांचा, आणि काम पुरं केलं डब्ल्यू. ए. चेंबर्स या इंग्रजाने. कमानी, जाळ्या, कोपऱ्यांवरचे घुमट पाहिले की आपली नजर आपोआप ओळखीचं काहीतरी शोधते. त्या शैलीला इंडो-सारासेनिक म्हणतात. इस्लामी, राजपूत आणि युरोपी बांधकामाची ती सरमिसळ आहे.

समोरचं गेटवे ऑफ इंडिया हॉटेलपेक्षा लहान वयाचं आहे. हे अनेकांना माहीत नसतं. पंचम जॉर्ज 1911 मध्ये आला तेव्हा तिथे फक्त पुठ्ठ्याची कमान होती. जॉर्ज विटेट याने सोळाव्या शतकातल्या गुजरातच्या मुस्लिम वास्तुकलेचा नमुना समोर ठेवून पिवळ्या बेसाल्टमध्ये ही 26 मीटर उंचीची कमान बांधली आणि 4 डिसेंबर 1924 रोजी ती खुली झाली. 28 फेब्रुवारी 1948 रोजी इंग्रजांची शेवटची पलटण याच कमानीतून बाहेर पडली.

दारात सामान तपासलं गेलं, ओळखपत्रं पाहिली गेली. सगळ्यांची मूळ ओळखपत्रं जवळ ठेवावी लागतात. आत गेल्यावर अम्मी गालिच्यावर चप्पल काढू लागली, तिला आम्ही हळूच थांबवलं. सामान नेणारा मुलगा माणगावकडचा निघाला. त्याने अब्बांना अदबीने विचारलं, "बाबा, याआधी आला होता का इथं?" अब्बा म्हणाले, "चाळीस वर्षं येतोय. आत आज आलो."

जुन्या इमारतीतला मधला जिना पाहण्यासारखा आहे. वर घुमटापर्यंत नजर जाते आणि जिना भिंतीच्या आधाराने लटकल्यासारखा वर चढतो. सुरुवातीच्या काळात इथे अमेरिकन पंखे, जर्मन लिफ्ट आणि तुर्की हमाम होते. पहिल्या महायुद्धात याच इमारतीत जखमी सैनिकांसाठी 600 खाटांचं इस्पितळ चाललं. हॉटेल उलटं बांधलं गेलं, अशीही एक भाकडकथा आहे. खरं असं की घोडागाड्यांचं मूळ दार शहराच्या बाजूला होतं, आज तिथे पोहण्याचा तलाव आहे. मुक्कामी पाहुण्यांना हा इतिहास सांगत फिरवून आणण्याची सोय असते, काउंटरवर वेळ विचारावी.

26 नोव्हेंबर 2008 च्या हल्ल्यात या हॉटेलात 31 जण मारले गेले. त्यांची नावं कोरलेलं स्मारक आत आहे. अब्बा त्याच वर्षी निवृत्त होऊन गावी आलेले होते आणि तिन्ही दिवस टीव्हीसमोरून हलले नव्हते. घुमटातून निघणारा धूर पाहताना त्यांच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. हॉटेलच्या कर्मचाऱ्यांनी पाहुण्यांना वाचवताना जीव दिले. व्यवस्थापक करमबीर कांग यांची पत्नी आणि दोन मुलं त्याच आगीत गेली आणि तरी ते काम करत राहिले. सीएसटीवर गोळ्या खाल्लेल्यांत मुसलमान कुटुंबंही होती. मुंबईच्या जामा मशिदीच्या ट्रस्टने मारल्या गेलेल्या हल्लेखोरांना मरीन लाइन्सच्या बड्या कब्रस्तानात जागा द्यायला साफ नकार दिला, हे आपल्या मुलांनाही माहीत असायला हवं. अब्बांनी चष्मा लावून 31 ची 31 नावं वाचली. मधे कुणी बोललं नाही. टॉवर त्याच डिसेंबरात पुन्हा सुरू झाला. जुनी इमारत 15 ऑगस्ट 2010 रोजी उघडली.

खिडकी

खोलीत गेल्यावर अम्मीने पहिल्यांदा न्हाणीघर पाहिलं, मग पलंगावरच्या उशा मोजल्या. सहा निघाल्या. अब्बा थेट खिडकीशी गेले. समोर गेटवे, लाँचींची गर्दी, पलीकडे घारापुरीचा डोंगर, उजवीकडे मांडव्याच्या बाजूचा धुरकट किनारा. मगरिबनंतर बंदरातले दिवे लागले. नांगरलेल्या बोटींचे दिवे ओळीने दिसू लागले. तेव्हा अम्मीने विचारलं, "अहो, तुमची बोट कुठं उभी असायची?"

आमच्या अम्मीने अब्बांचं एकही जहाज कधी पाहिलेलं नाही. निकाह 1974 चा. त्यानंतरच्या 34 वर्षांत अब्बा घरी किती होते, याचा हिशेब तिने एकदा आम्हांला सांगितला होता. सगळ्या सुट्ट्या मिळून आठ वर्षं भरतात. आम्हा तिघांपैकी एकाच्याही जन्माला ते गावात नव्हते. पत्रं उर्दूत यायची, पहिली काही वर्षं ती मौलवीसाहेबांकडून वाचून घ्यायची. मग पत्रात काय लिहिलंय हे सगळ्या मोहल्ल्याला कळतं म्हणून तिने स्वतः लिहा-वाचायला शिकून घेतलं.

अब्बांनी काचेवर बोट ठेवून तिला बंदर दाखवलं. हा पाण्याचा मोठा रस्ता, इथून जहाज आत येतं. तिथे बुचर बेट, तेलाच्या बोटी तिकडे जातात. दक्षिणेला कुलाब्याच्या टोकापुढे प्राँग्सचं दीपगृह, ते दिसलं की खलाशी ट्रंका भरायला लागत. आणि या मधल्या पट्ट्यात नांगर. "इथून मी हे हॉटेल बघायचो." अम्मी म्हणाली, "आणि मी गावात, दिवा लावून." पुढे दोघंही काही बोलले नाहीत. आम्ही आमच्या खोलीत निघून आलो.

रात्रीचं जेवण हॉटेलात घेतलं नाही. अब्बांची इच्छा होती म्हणून मागच्या गल्लीत गेलो, सीख कबाब आणि रुमाली रोटी खाल्ली. आता गाडी राहिली नाही, नीट टेबलं आहेत. संध्याकाळचा चहा मात्र पहिल्या मजल्यावरच्या सी लाउंजमध्ये घेतला होता. तिथली भेळ अम्मीला आवडली, चहा पाणचट वाटला.

फजरला एक गोष्ट लक्षात आली. मुंबईत समुद्र म्हटला की आपल्याला चौपाटी आणि मावळणारा सूर्य आठवतो. पण हे बंदर शहराच्या पूर्वेला आहे. किब्ला पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे झुकलेला. म्हणजे समुद्राच्या खोलीत नमाज पढताना पाठ समुद्राकडे आणि तोंड दाराकडे होतं. नमाज संपवून सलाम फेरला, दुआ झाली, आणि वळून पाहिलं तर उरणच्या बाजूला आकाश तांबडं होत होतं. सव्वासातच्या सुमारास सूर्य पाण्यावर आला. अब्बा आरामखुर्चीत, अम्मी पलंगाच्या कडेवर. तिच्या आयुष्यातली पहिली अशी सकाळ, जेव्हा चहा दुसऱ्याने आणून दिला आणि अंथरूण दुसऱ्याने आवरलं. तिने तरी चादर घडी घालून ठेवलीच.

जाणाऱ्यांसाठी

वयस्क आईवडलांना अशा ठिकाणी न्यायचं असेल तर काही गोष्टी आधीच फोनवर बोलून घ्याव्यात. बाथटब असलेलं न्हाणीघर गुडघे दुखणाऱ्यांना धोक्याचं असतं. पाय उचलावा न लागणारं शॉवरचं न्हाणीघर आणि भिंतीला धरायला दांडी मागावी. खोलीतल्या छोट्या फ्रिजमधली दारू आधी काढून ठेवायला सांगता येते आणि ते लोक हसत हसत काढतात. मांस हलाल आहे का हे संकोच न करता विचारावं, स्वयंपाकघरातून उत्तर मिळतं. समाधान न झाल्यास मासे आणि भाज्या आहेतच. जानमाज आपली न्यावी आणि नमाजसाठी सरळ पाठीची खुर्ची मागून घ्यावी. बहुतेक मोठ्या हॉटेलांत खोली दुपारी 2 वाजता मिळते आणि दुसऱ्या दिवशी 12 ला सोडावी लागते. त्यामुळे सकाळच्या गाडीने पोचल्यास आधी विश्रांतीची सोय बघावी. पावसाळ्यात भाडी उतरतात, पण समुद्राचं काही दिसेल याची खात्री नसते आणि घारापुरीकडच्या लाँचीही खराब हवेत बंद राहू शकतात.

मुक्काम झेपत नसेल तर त्यात कमीपणा नाही. एका चहापुरतंही जाता येतं. महत्त्वाचं हे की आईवडलांनी आयुष्यभर कुठली इमारत, कुठलं शहर, कुठलं स्टेशन बाहेरून पाहिलं, हे त्यांना एकदा विचारावं. बऱ्याच घरांत ते उत्तर फार महागाचं नसेल.

शुक्रवारी बाराला आम्ही खोल्या सोडल्या आणि टॅक्सीने जंजीकर स्ट्रीटवरच्या जामा मशिदीत गेलो. 1802 मध्ये पूर्ण झालेली ही मशीद एका जुन्या हौदावर उभी आहे. तळात कमानी पाण्यातून वर आल्या आहेत. कोकणी मुसलमानांच्या जमातीचा तिच्याशी जुना संबंध आहे. बोटीवर चढण्याआधीचा जुम्मा अब्बा इथेच पढत. अम्मीला मुंब्र्याची बहीण सोबत घेऊन बाजारात गेली. जुम्मा झाल्यावर अब्बा हौदाच्या पायरीवर जरा वेळ बसले, पाण्यातले मासे पाहिले आणि म्हणाले, "चला, मंडणगडची गाडी चुकेल."